टाकीचा श्रावण

ॲरिझोनातल्या चँडलरच्या आमच्या घरात समुद्र होता, आणि तो दिवाणखान्यात, सोफ्याच्या समोर, भिंतीला टेकून उभा होता. बाहेर अंगणातल्या नळाला उन्हाळ्यात हात लावला तर चटका बसे, आत मात्र काचेमागे निळा उजेड, दगडांच्या कपारी आणि त्यांतून ये-जा करणारे रंगीत मासे. पंपाची घरघर रात्रंदिवस चालू असे. एसीचा आवाज, पंपाचा आवाज आणि आईच्या कुकरच्या शिट्ट्या, या तिन्हींखेरीज मला शांतता कशी असते ते माहीत नव्हतं. वाळवंटात पाणी भराभर उडून जाई, म्हणून बाबा रोज सकाळी आंघोळ झाल्यावर टाकीत पाण्याची भर घालत, मग छोट्या काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकत आणि रंग बदलतो का ते उजेडाकडे धरून बघत. आई याला बाबांची पूजा म्हणायची. बाबा नागपूरचे. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, सासुरवाडीला, रत्नागिरीला. तिथे किनाऱ्यावर ते इतका वेळ तोंड उघडं टाकून उभे राहिले की माझ्या मामांना वाटलं जावयाला ऊन लागलं. आई रत्नागिरीचीच, तिला समुद्राचं कौतुक शून्य. टाकीसमोरून जाताना ती म्हणायची, "एवढे मासे, आणि एकही मेला कालवणाच्या कामाचा नाही."

बाबा संगणकाच्या चिपच्या कारखान्यात होते, जिथे वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकत्यांवर, चिप बनत. त्याला सगळे फॅब म्हणत. तिथे काही बिघडलं की पाचदा 'का' विचारायचं अशी शिस्त होती, आणि ती बाबांनी घरी आणली होती. वरण करपलं तर का करपलं? गॅस मोठा राहिला. का राहिला? फोन आला. फोन आला तर गॅस का बारीक केला नाही? तिसऱ्या 'का'पर्यंत आई पळी घेऊन उभी राहायची आणि पुढचे दोन तसेच राहायचे. मला मात्र हा खेळ आवडायचा. मी पाचवीत असताना आम्ही ठाण्याहून इथे आलो. नव्या शाळेत मला कुणी काही विचारत नसे, आणि घरी बाबा मात्र प्रत्येक गोष्टीचं मुळापासून कारण विचारत. "पहिलं उत्तर म्हणजे बहाणा असते, अश्विनी," ते म्हणायचे. "खरं कारण खाली दडून राहते." आज मी जे काम करते त्याची सुरुवात कुठून झाली असं कुणी विचारलं की मी विद्यापीठाचं नाव सांगते, पण ते पहिलं उत्तर आहे.

आईची शिस्त वेगळी. तिचा श्रावण. ॲरिझोनात श्रावणात आभाळ भरून येतं ते धुळीनं. लालसर भिंत उठते आणि आईने घासून ठेवलेल्या खिडक्यांवर येऊन आदळते. पण आईचं पंचांग रत्नागिरीचं होतं. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी शेजारच्या मेसा गावाच्या बाजारातून आणलेले पापलेट आणि सुरमई संपवून व्हायची, फ्रीज धुतला जायचा आणि अंडी गराजमधल्या जुन्या फ्रीजमध्ये जायची. तिथून ती आणून खायचीही सोय नव्हती, गणपती जाईपर्यंत बंदी. बाबांच्या माशांचा खाऊ म्हणजे गोठवलेली बारीक कोळंबी. तीसुद्धा गराजमध्ये. रोज संध्याकाळी बाबा बाहेरच्या उन्हात भट्टी झालेल्या त्या गराजमध्ये जात, एक तुकडा वाटीत घेत आणि तो ओट्याला न लावता, चोरासारखे टाकीपर्यंत येत. "शिवू नका कुठे," आई पाठमोरीच म्हणायची.

श्रावण संपला की गणपती. आमच्या गणपतीची आरास दरवर्षी तीच, आणि तरी लोक दुरून बघायला येत. टाकीसमोर चौरंग ठेवायचा, बाकीचे दिवे बंद करायचे. मग गणपती जणू पाण्यातच बसला आहे आणि त्याच्या मागून, कानामागून, सोंडेवरून मासे जात आहेत असं दिसायचं. फिनिक्सच्या आसपासची झाडून सगळी मराठी घरं दर्शनाला यायची. बाबांचं बघून त्यांच्या कारखान्यातल्या तिघा-चौघांनी घरी अशाच टाक्या ठेवल्या होत्या, आणि ते सगळे बाबांना गुरुजी म्हणत. आरास भरगच्च दिसावी म्हणून गणपतीच्या आधी काही आठवडे बाबा रेच्या दुकानातून नवे मासे आणायचे. रे हा एक लठ्ठ, मोकळा, कपाळावर चष्मा चढवलेला माणूस होता. आई त्याच्यासाठी चकल्या पाठवायची आणि तो त्या काउंटरवर ठेवून गिऱ्हाइकांना वाटायचा. आणलेले मासे गणपतीत झळकत. नवरात्र येईपर्यंत त्यांतले बरेचसे एकेक करून मरत. आई त्यांना कागदात गुंडाळून मागच्या अंगणातल्या लिंबोणीखाली पुरायची. "लिंबोणी बरी धरली आहे यंदा," ती म्हणायची. आम्ही हसायचो. मासे म्हटले की मरायचेच, असं आम्ही तिघांनी धरूनच ठेवलं होतं.

मी दहावीत होते त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या देशमुख काकूंनी ठरवलं की मंडळाची आरती आमच्या घरी करायची. बाबांना दोन बोटं स्वर्ग उरला. आषाढातच ते एक मासा घेऊन आले. निळ्याशार अंगावर पिवळ्या रेघा, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि चालण्यात असा तोरा की बाकीचे मासे बाजूला होत. इंग्रजीत त्याचं नावच सम्राट. तो फिलिपिन्सहून आला होता. बाबा कामावरून आले की बूटसुद्धा न काढता त्याच्यासमोर बसत. आणि खरं सांगायचं तर मीही. तो मला ओळखायचा. मी काचेला बोट लावलं की तो येऊन बोटासमोर थांबायचा आणि मी बोट हलवलं की हलायचा. इंग्रजी शाळेत धडपडणाऱ्या, वर्गात जेवणाच्या सुटीत एकटी बसणाऱ्या मुलीला तेवढंही पुरतं.

श्रावण लागला आणि तो सुकायला लागला. गंमत म्हणजे त्याची भूक शाबूत होती. बाबांनी कोळंबी टाकली की तुटून पडायचा, पोटभर खायचा, आणि तरी दिवसेंदिवस त्याचं पोट आत जात चाललं होतं. बाबांनी पाणी तपासलं, पुन्हा तपासलं, पाणी बदललं, औषध घातलं. एका सकाळी तो दगडाला टेकून आडवा पडलेला दिसला. मी त्या दिवशी शाळेत गेले नाही. लिंबोणीखाली खड्डा मीच खणला आणि पहिल्यांदाच मला आईचा तो लिंबाचा विनोद सहन झाला नाही.

"का मेला, बाबा?" मी विचारलं.

"शिपिंगचा स्ट्रेस असते," बाबा म्हणाले. "रेला फोन केला मी. दुसरा येऊन राहिला. गणपतीपर्यंत मस्त सेट होते पाहा."

हे पहिलं उत्तर होतं. मी त्यांचीच मुलगी, मी तिथे थांबणार नव्हते. गावातल्या लायब्ररीत मासे पाळणाऱ्यांची मासिकं होती, तिथल्या संगणकावर आणखी बरंच होतं. मी शाळेनंतर तिथे जाऊन बसायला लागले. भरपूर खाऊनही सुकणारा मासा हे माझ्या एकटीचं दुःख नव्हतं. कितीतरी लोकांनी तेच लिहिलं होतं, आणि कारणही लिहिलेलं होतं. फिलिपिन्ससारख्या देशांत पाणबुडे एक मऊ बाटली घेऊन खाली जातात. बाटलीत सायनाइडच्या गोळ्या विरघळवलेलं पाणी. मासा प्रवाळाच्या कपारीत शिरला की कपारीत पिचकारी मारायची. दुधासारखा ढग पसरतो, मासा गुंगून बाहेर येतो आणि हातानं उचलता येतो. काही तिथेच मरतात. जे जगतात त्यांचं आतडं-काळीज पोळलेलं असतं, ते बोटीतून, विमानातून, दुकानातून येऊन कुणाच्या तरी दिवाणखान्यात मरतात. आणि ज्या प्रवाळावर ढग बसतो तो पांढरा पडून मरतो, त्याच्यातली बारीक पिल्लं मरतात, आणि तो पाणबुड्याही जिवावर उदार होऊनच खाली गेलेला असतो. त्या देशांत याला कायद्यानं बंदी आहे. जाळं लावूनही हाच मासा पकडता येतो, फक्त वेळ जास्त लागतो. हे वाचून मी घरी आले आणि टाकीसमोर उभी राहिले. उरलेले दोन-चार मासे नेहमीसारखे फिरत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या सोमवारी आईचा उपास होता. सोडायला वालाच्या डाळिंब्यांची उसळ होती, आणि दुपारभर मी आणि आई परातीभोवती बसून वाल सोलत होतो. बोटाच्या चिमटीत दाबला की डाळिंबी टणकन परातीत पडते, त्या आवाजावर मी तिला सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. ती सोलायची थांबली. जेवताना मी बाबांकडे वळले.

"बाबा, फाइव्ह व्हाइज करूया? मासा का मेला? खाल्लेलं अंगी लागलं नाही. का नाही लागलं? आतून डॅमेज झाला होता. का? सायनाइडनं पकडला. सायनाइड का? फास्ट पकडता येतात म्हणून. फास्ट का पकडायचे?"

बाबांनी घास तसाच धरला होता.

"कारण आपण मागतो," मी म्हटलं. "गणपतीला."

बाबांना राग येत नसे असं नाही, पण तो नाकावर नसे, आतून वर यायला वेळ लागे. त्या दिवशी लागला नाही. "मी मारले का मासे? मी? रोज सकाळी उठून पाणी तपासतो तो मी! आणि सगळं गाव येऊन राहिलं दर्शनाला, आता मला हे सांगते! एक माझी टाकी रिकामी ठेवून समुद्र वाचते काय?"

"नाही वाचणार. बट इट वोन्ट बी अस."

बाबा भरल्या ताटावरून उठले. आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं. आई त्यांना हाक मारेल असं मला वाटलं, पण तिनं त्यांच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि मोठ्यानं, आतल्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझे वडील सांगायचे, श्रावणात मासळीच्या पोटात गाबोळी, अंडी असतात, म्हणून खायची नाही. समुद्राला दम खाऊ द्यायचा. मी इथे अंडं गराजमध्ये ठेवते आणि माझ्या देवासमोर विष घालून धरलेले मासे नाचवते, हा कुठला श्रावण? ऐकताय ना? आजपासून टाकीचाही श्रावण. या घरात मासा येणार नाही. खायला नाही नि बघायलाही नाही."

आईच्या श्रावणापुढे बाबांचं इंजिनिअरिंग चालत नसे. पण इंजिनिअर तो इंजिनिअर. दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत, आणि मग चहाच्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहून म्हणाले, "श्रावण अमावास्येला संपते. गणपती चतुर्थीला. मधे मासा आणला तर श्रावण मोडत नाही." आईनं कपाळाला हात लावला. रेनं दुसरा सम्राट दुकानात सांभाळून ठेवायचं कबूल केलं होतं. मी तेव्हा इतकी संतापले होते की गणपतीला खोलीतून बाहेरच यायचं नाही असं ठरवलं. आता मुलं वाढवून झाल्यावर कळतं, बाबा पळवाट शोधत नव्हते, स्वतःची समजूत पटायला वेळ मागत होते. चाळिशीतल्या माणसाला आपल्या सर्वांत लाडक्या गोष्टीत विष आहे हे मान्य करायला चार दिवस लागले तर ते फार नाहीत.

हरतालिकेच्या दिवशी ते म्हणाले, "चल माझ्यासोबत दुकानात." मला वाटलं होतं मी जाणार नाही, पण गेले. रेनं नेहमीसारखा हात हलवला आणि आम्हाला मागच्या टाकीकडे नेलं. दुसरा सम्राट पहिल्यापेक्षा देखणा होता. मी काचेला बोट लावायचं नाही असं ठरवलं होतं, पण तो आपणहून माझ्यासमोर येऊन थांबला. मला रडू आलं. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, रे पिशवी भरायला लागला, आणि मग बाबांनी त्यांच्या त्या नागपुरी इंग्रजीत विचारलं, "रे, हा कसा पकडला?"

रे थांबला. म्हणाला, "माल लॉस एंजेलिसच्या व्यापाऱ्याकडून येतो. खोक्यावर देशाचं नाव असतं. कसा पकडला ते कुठल्याच खोक्यावर नसतं."

"व्यापाऱ्याला माहीत असेल?"

"विचारून बघ. तो म्हणेल जाळ्यानं. सगळे जाळ्यानंच म्हणतात." रेनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मी पंचवीस वर्षं दुकान चालवतो. हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. तू तरी का विचारतोस? मी हा मासा ठेवला नाही तर तू मेसाच्या दुकानात जाशील."

"ज्या वेफरची हिस्टरी नाही, तो आमच्या लाइनवर जात नाही," बाबा म्हणाले. "कितीही चमकत असला तरी. आम्ही तो बाजूला काढतो." मग त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी मेसाला जाणार नाही. तू टाकीत वाढवलेले, नाहीतर जाळ्यानं पकडलेले मासे आण, कुठून आले ते मला दाखव. मी तुझ्याकडूनच घेईन. माझे मित्रही घेतील." रेनं पिशवीतलं पाणी परत टाकीत ओतलं. दुकानात जन्मलेले, केशरी-पांढरे विदूषक माशांचं एक जोडपं तेवढं होतं, ते आम्ही घेतलं. तो सम्राट नंतर दुसऱ्याच कुणीतरी नेला. मी पुढच्या आठवड्यात जाऊन विचारलं होतं.

येताना मी थँक यू म्हटलं. "थँक यू काय?" बाबा म्हणाले. "उद्या लोकांना काय सांगू मी? शिपमेंट कॅन्सल झालं म्हणतो. झाकली मूठ सव्वा लाखाची." मला ते पटलं नाही. मासे न आणणं ही अर्धीच गोष्ट होती. ज्या तिघा-चौघांनी बाबांचं बघून टाक्या ठेवल्या, ते उद्या मेसाला जाऊन मासे आणणारच होते. पण बाबांचा चेहरा बघून मी तोंडात मूग धरून बसले.

चतुर्थीला घर माणसांनी आणि मोदकांच्या वासानं भरलं. आईनं चौरंगाला मखमल लावली, दुर्वा कुठून तरी मिळवल्या होत्या, टाळ शेजारच्या जोशी काकांनी, बाबांच्या त्या टाकीवाल्यांपैकीच एकानं, आणले होते. तोवर टाकीतले आधीचे मासेही एकेक करून लिंबोणीखाली गेले होते. दिवे मालवले. गणपतीच्या मागे निळं पाणी, दगड, आणि एका कोपऱ्यात ते दोन इवलेसे मासे. आरतीच्या मध्येच कुजबुज सुरू झाली. मंत्रपुष्पांजली संपल्यावर जोशी काका मोठ्यानं म्हणाले, "काय गुरुजी, यंदा समुद्राला ओहोटी लागली वाटतं!" सगळे हसले. देशमुख काकू म्हणाल्या, "अहो, मी फोनवर सगळ्यांना सांगितलं होतं हो, नवीन मोठा मासा आहे म्हणून." बाबा आरतीचं तबक हातात घेऊन उभे होते. त्यांची मान खाली होती, आणि शिपमेंट हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. तेवढ्यात काकूंची नात काचेला नाक लावून म्हणाली, "आजोबा, व्हेअर आर द फिश?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"समुद्रात," ते म्हणाले.

आणि मग वर मान करून, तबक तसंच धरून, त्यांनी सगळं सांगितलं. बाटली, ढग, पांढरे पडलेले प्रवाळ, आमची लिंबोणी. "मला पाणी तपासता येत होतं, म्हणून मी पाणीच तपासत राहिलो," ते म्हणाले. "मासा कसा आला ते मी कधी विचारलंच नाही. ते माझ्या पोरीनं विचारलं." कुणी हसलं नाही. एकजण पुटपुटले की सणाच्या दिवशी हे कशाला, आणि ते खरंही होतं. जोशी काका मोदक न घेता लवकर गेले. पुढच्या शनिवारी मात्र तेच काका रेच्या दुकानात काउंटरशी वाद घालताना दिसले: "कॉट कसा केला ते सांग ना यार, इतकं सिंपल आहे!" सगळे सुधारले असं मी म्हणणार नाही. दोघांनी टाक्याच विकून टाकल्या. पण त्या घरांतून रेला प्रश्न विचारले जायला लागले, आणि हळूहळू त्याच्या दुकानाच्या पुढच्या भिंतीवर टाकीत वाढवलेल्या माशांची रांग आली. मागची टाकी त्यानं बरीच वर्षं ठेवली. मग तीही काढली.

सायनाइड अजून संपलेलं नाही. आजही कुठल्याही गावात माशांचं दुकान दिसलं की मी आत जाते आणि विचारते, आणि दहातल्या नऊ वेळा समोरचा खांदे उडवतो. मी चिडते, आणि पुढच्या दुकानात जाते. पण नुसतं विचारून पुरणार नव्हतं, लोकांना निळं-पिवळं काहीतरी हवंच असतं. म्हणून मी आयुष्य त्यांची पिल्लं टाकीत वाढवण्यात घालवलं. काही जाती जमल्या. सम्राट अजून माझ्या हातून जमलेला नाही. त्याची पिल्लं पापणीच्या केसाएवढी असतात, काय खातात ते नीट सांगत नाहीत आणि कुठल्याही कारणानं मरतात.

आई आता फारशी चालत नाही, पण श्रावण लागला की अंडी गराजमध्ये जातात. टाकी बाबांनी ठेवली आहे, आणि त्यात आजही त्या जोडप्याचीच वंशावळ फिरते. श्रावणाच्या पहिल्या दिवशी त्यांचा फोन येतो. यंदाही आला. मी त्याआधीच्या आठवड्यात सम्राटाच्या पिल्लांची एक अख्खी खेप गमावली होती आणि कुणाशी बोलायची इच्छा नव्हती.

"काय म्हणतात सम्राट?" त्यांनी विचारलं.

"मेली, बाबा. सगळी."

पलीकडे पंपाची घरघर ऐकू येत होती.

"का मेली?" बाबा म्हणाले.

मी खुर्ची ओढली आणि बसले.